ऐंशी एकरांची थाप

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही. तात्याबाच्या आजवरच्या साऱ्या थापा एका पारड्यात घातल्या आणि ही एकटी दुसऱ्यात, तर शहाणा माणूस थापांवर विश्वास ठेवील आणि हिला हसेल. कारण हिच्यात असं घडतं, की चाळीस वर्षं बिनचूक खोटं बोलणाऱ्या तात्याबाचं एकदा गावाला खरं वाटलं. त्या एका खरं वाटण्यानं म्हातारा असा वैतागला, की त्याच्या मिशीचं डावं टोक जे खाली आलं ते पुढं तेल लावूनही वर गेलं नाही.

साल सहासष्ट. उंब्रजपासून चार कोस वर, डोंगराच्या पोटाशी टेकवडी. खाली काळी रानं, वर ऐंशी एकर गायरान माळ. माळाच्या कडेलाच तात्याबाचं छप्पर आणि छपरात दोन खिलार खोंड. म्हाताऱ्याचं पोट या खोंडांवर. जोडी वाढवायची, खरसुंडीच्या यात्रेत विकायची, पुन्हा दोन वासरं आणायची. यात्रेत गिऱ्हाईक खोंडाच्या पाठीवरून हात फिरवून विचारायचं, "कशावर वाढवलाय?" तात्याबा म्हणायचा, "माळावर." वर्षातून एवढं एक वाक्य तो खरं बोलायचा. माळावर सतरा जातींचं गवत होतं. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशी तो बोटं मोडत जायचा आणि हाताची दहा संपली की खोंडाच्या खुरांवर यायचा. गौरीचा तेरडा तिथलाच, तित्तराची अंडी तिथलीच. माळ गेला तर खोंड गेले, आणि खोंड गेले तर तात्याबानं काय खाऊन थापा मारायच्या?

त्या आधीच्या श्रावणात सोसायटीच्या गुदामात सुपर फॉस्फेटची चाळीस पोती येऊन पडली होती. हायब्रीड ज्वारीला खाली स्फुरद पाहिजे, असं ग्रामसेवक धोंडिराम घसा बसेपर्यंत सांगत होता. पोरगा इस्लामपूरकडचा, शिकलेला, सरळ. पण टेकवडीत कुणीतरी आवई उठवली की ही राखाडी भुकटी जमीन जाळते. पोत्याला हात लावला की आंबूस वास यायचा, त्यानं तर खात्रीच पटली. मग वर्षभर लोक त्या पोत्यांवर नुसते बसत होते. गुदामाच्या ओट्यावर पोती रचलेली, त्यांच्यावर माणसं टेकलेली, आणि समोर उभा राहून धोंडिराम सांगतोय, की बाबांनो, ज्याच्यावर बसलाय ते पाभरीतनं बियाच्या खाली सोडा.

वैशाखातल्या एका संध्याकाळी तात्याबाला या पोराची गंमत करायची लहर आली.

टेकवडीत थापेची एक रीत होती, ती इथंच सांगितलेली बरी. मारणाऱ्यानं मारत जायचं. ऐकणाऱ्यांपैकी एकानं ती भर बैठकीत, मोठ्यानं, कारणासकट पकडायची. नुसतं "लबाड" म्हणून भागत नसे. कुठं लबाड ते दाखवावं लागे. पकडली की थाप तिथंच मोडायची, पुन्हा तिचं नाव कुणी काढायचं नाही. आणि ज्यानं मारली त्यानंच पकडणं हे मात्र रीतीत बसत नसे. हे पकडण्याचं काम वर्षानुवर्षं पेन्शनीत आलेला हवालदार हंबीरराव करायचा. तो समोर बसलेला असला की तात्याबा निर्धास्त बोलायचा, जसा पोहणारा काठावर माणूस उभा करून डोहात उडी घेतो. त्या संध्याकाळी हंबीरराव नव्हता. लेकीकडं सांगलीला गेला होता. तात्याबानं ते पाहिलं, आणि तरी उडी घेतली.

"धोंडिराम सांगतोय ते खरं हाय," तात्याबा पोत्यावर मांडी घालत म्हणाला. "गेल्या श्रावणात फाटक्या पोत्यातली एक मूठ मी माळावर फेकली व्हती. आठ दिसांत पवन्या बैलाच्या वशिंडाच्या वर."

"एक मूठ?" सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं.

"एकच. माझा थोरला खोंड आत शिरला, त्यो दिसंना. नुसती घुंगरं ऐकू यायची. तीन दिस आत व्हता गड्या."

"मग गावला कसा?"

"खात खात भायेर आला की."

"पर तात्या, आमच्या कुणाच्या नदरंला न्हाई पडलं एवढं गवात."

"खाल्ल्यावर कसं पडंल?"

इथं हंबीररावानं तोंडातली तंबाखू थुंकून चार कारणं दिली असती. तात्याबा थांबला. पानाची चंचीही त्यानं सोडून ठेवली. पण माणसं आपल्या बुडाखालच्या पोत्यांकडं बघत होती. मग आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "माळ ऐंशी एकर हाय."

आणि तिथंच सगळं नासलं. स्वतःच्या रानात ही भुकटी घालायला कुणाचा हात होत नव्हता. रान जळलं तर? पण माळ कुणा एकाचा नव्हता. जळला तर सगळ्यांचा मिळून जळणार, म्हणजे कुणाचाच नाही. आणि वाढला तर दावणीला सगळ्यांचीच जनावरं. अर्ध्या घटकेत ठरलं: मृगाच्या आधी चाळीसच्या चाळीस पोती माळावर फेकायची. दिवससुद्धा धरला, मंगळवार सोडून बुधवार.

तात्याबा घरी आला तो पाय ओढत. येसूबाईनं भाकरी पुढ्यात ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चाळीस वर्सं तुमच्याबरूबर काढली. लगीन ठरवताना सुदीक खोटं बोलला व्हता. मला एकदा तरी तुमचं खरं वाटलंय का?"

"न्हाई."

"मग गावाला कसं वाटलं?"

"त्येच तर मी म्हन्तोय."

दुसऱ्या दिवशी तो आप्पासाहेबांच्या सोप्यात जाऊन बसला. यात्रेबाहेर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला निघालेल्या माणसाला घाम येतो तसा त्याला येत होता.

"आप्पा, काल म्या बोललो ते लबाड व्हतं."

आप्पासाहेब हसले. "तात्या, तुमी कवा खरं बोलता?"

"कवाच न्हाई."

"मग ह्ये जे लबाड व्हतं म्हन्ताय, ह्ये तरी खरं कशावरनं?"

थापेला जागच्या जागी उत्तर देणारा माणूस तात्याबा; खऱ्याच्या वेळी तो "माजा माळ मरंल आप्पा," एवढंच म्हणाला.

"तुमचा?" आप्पासाहेब पुढं वाकले. "आलं ध्यानात. एका मुठीचं गवात एकट्याच्या खोंडानं खाल्लं, आता बाकीच्यांच्या बैलांना नगं. तरीच मी म्हन्लं, म्हातारा आज खरं बोलायला कसा आला."

बाहेर पडेपर्यंत तात्याबाच्या मागं ही नवी बातमी लागलीही होती. पाणवठ्यावर बाया त्याच्याकडं बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. चाळीस वर्षांत त्याला कुणी लबाड म्हणालं तर तो छाती पुढं काढायचा. आप्पलपोटा कुणी म्हणालं नव्हतं.

मग तो धोंडिरामाकडं गेला. पोरगा खोलीच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता.

"तात्या, काय करून ठेवलंत तुम्ही? रानात घाला म्हणून वर्षभर ओरडलो, तर माळावर घालायला निघालेत."

"तूच सांग की त्यास्नी. तू सरकारचा मानूस."

"सांगितलं. म्हणाले, तू कालचा पोर, तात्याबानं डोळ्यांनी बघितलंय." धोंडिरामानं एक कागद काढला. "ही मातीची तपासणी. खालच्या रानात स्फुरद कमी आहे, पीक दरसाल काढून नेतंय. तिथं एक पोतं घातलं तर कणीस वजनानं वाकेल. वर माळाला त्याची गरजच नाही. आणि युरिया असता तर दोन पावसांत वाहून तरी गेला असता. हे हलत नाही. मातीला धरून बसतं. एकदा घातलं की तुमच्या नातवाला पण काढता यायचं नाही."

"ह्ये मला ठावं हाय."

"तुम्हाला कुठून ठाऊक?"

तात्याबा चिडला. "आरं, मेंढरं दिवसा माळावर चरत्यात आन् राच्चं कुटं बसत्यात?"

"रानात. धनगर तिथं वाघर लावतात." वाघर म्हणजे मेंढरांभोवती बांधतात ते जाळं.

"कशापायी? माळावरचं खाऊन लेंडी रानात पडावी म्हनून. माज्या पंज्यापासनं हीच रीत. रानाला खाऊ घालायचं, माळाला उपाशी ठिवायचं. उपाशी ऱ्हातोय म्हनून तर सतरा जाती नांदत्यात तितं. माळावर जितं खत पडलं तितं पवन्या उठून जातो आन् टाकळा येऊन बसतो. टाकळ्याला बैल तोंड लावंल व्हय?"

धोंडिरामानं कागद खाली ठेवला. "तात्या, हे तुम्ही गुदामावर का नाही बोललात?"

"खरं व्हतं म्हनून," तात्याबा म्हणाला.

आता एकच वाट उरली होती. थाप मोडायची तर पकडणारा आणायचा. रविवारी पहाटेच्या एस्टीनं तात्याबा सांगलीला निघाला. कऱ्हाडला गाडी बदलली, इस्लामपूरला टायर बदललं, आणि दुपारी बारा वाजता तो हळदीच्या पेठेत हंबीररावाच्या जावयाचं दुकान शोधत उभा राहिला. सगळी पेठ पिवळी. माणसं पिवळी, कुत्री पिवळी, हवालदार हंबीररावाची पांढरी मिशीसुद्धा पिवळी. तो गादीवर लोडाला टेकून बसला होता.

"तात्या? तू हितं कसा रं?"

"हंबीर, गावाकडं चल. माजी एक थाप सुटलीया. पकडाय पायजे."

"बोल. हितंच पकडतो."

तात्याबानं सांगितली. मूठ, पवन्या, वशिंड, घुंगरं, सगळी. हंबीरराव डोळे मिटून ऐकत होता आणि तात्याबाच्या जिवात जीव येत होता. मग हंबीररावानं डोळे उघडले.

"ही तुजी न्हवं."

"आँ?"

"ही परवाच आली पेठंत. एक गुळाचा अडत्या सांगत व्हता. सातारच्या अंगाला कुटंतरी गवात वाढलंय, दोन पुरुस उंच. तीन बैल आत गेलं, दोनच भायेर आलं. ही सांगलीची खबर हाय गड्या, छापून येनार हाय म्हन्त्यात. लोकांचं आपल्या नावावर खपवू नगं. ही बात गलत हाय."

"आरं, एकच बैल व्हता. माजाच. आन् त्योबी हरवला न्हवता."

"बघ, तुला तर बैलसुदीक धड ठावं न्हाईत." हंबीररावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं तात्या. व्हतं असं. च्या घे."

चाळीस वर्षांचा पकडणारा, आणि तो असा फितूर झाला. तात्याबानं चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत शेजारच्या पाहुण्यानं त्याला विचारलं, "कुठलं गाव?" तो म्हणाला, "उंब्रजच्या वर." पाहुणा जवळ सरकला. "मग त्या गवताचं काय खरं हो? चार बैल म्हणे." तात्याबानं डोक्यावरचा पटका सोडून तोंडावर घेतला आणि कऱ्हाडपर्यंत झोपेचं सोंग केलं.

बुधवार उजाडला. सात गाड्या जुंपल्या, चाळीस पोती लादली, गाव वर चढलं. वैशाखाच्या उन्हात माळ पिवळाजर्द वाळून पडला होता. खाली मुळं तेवढी पावसाची वाट बघत होती. खंडोबाच्या चौथऱ्याशी गाड्या सोडल्या. गड्यांनी पोत्यांची तोंडं उसवायला घेतली. धोंडिराम एका पोत्यावर उभा राहून शेवटचं सांगत होता, "निदान निम्मी तरी रानात न्या, ज्वारीच्या पेऱ्याला." त्याला कुणीतरी हाताला धरून खाली उतरवला.

तात्याबा चौथऱ्यावर चढला. उरलं होतं एकच: थाप एवढी फुगवायची की आंधळ्यालासुद्धा ती दिसावी.

"थांबा जरा. त्या दिवशी म्या समदं सांगितलं न्हवतं."

लोक थांबले. थाप ऐकायला टेकवडी कधीही थांबायची.

"गवात वशिंडाएवढं न्हवतंच. ताडाएवढं व्हतं. वरच्या शेंड्याला घारीनं घरटं केलं."

"व्हय, ताडाएवढंच आसंल," मागून एक म्हातारा म्हणाला. "सांगलीत पन दोन पुरुसच म्हन्त्यात, पर तिकडची मानसं कमीच सांगत्यात."

"खोंड आत गेला त्यो बैल हून भायेर आला. आत त्याला दात आलं."

"खाल्ल्यालं अंगी लागलं," आप्पासाहेबांनी मान डोलावली.

"मी त्याला हुडकाय गेलो. आत मला माजा मेलेला चुलता भेटला. त्योबी वाट चुकल्याला. म्हन्ला, तात्या, तंबाकू हाय का?"

तात्याबानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. एकानं हळूच टोपी काढली आणि म्हणाला, "चांगला व्हता तुमचा चुलता." एवढं कानावर पडल्यावर म्हातारा मटकन चौथऱ्यावर बसला. काय लोक आहेत हे? चुलता भेटलेला चालतो यांना? यांच्यासाठी माणसानं आणखी किती लबाड व्हायचं? पहिल्या पोत्याचं तोंड उसवून झालं. एका गड्यानं घमेलं भरलं.

तेवढ्यात खालच्या वाटेनं मेंढरांचा आवाज आला. दिवाळीनंतर कोकणात उतरलेली हरणाबाई धनगरीण कळप घेऊन परत येत होती. दोनशे मेंढरं, एक घोडं, घोड्यावर कोकरं आणि वाघरीची गुंडाळी. सहा महिने ती गावात नव्हती. सांगलीची खबर तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती. ती वर आली, गाड्या बघून काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली.

"काय चाललंय आप्पासाहेब?"

"तात्याबा सांगतोय, ऐक."

तात्याबानं तिच्याकडं पाहिलं. मग माळाच्या उताराकडं पाहिलं, जिथं पिवळ्या गवताच्या मधोमध खळ्याएवढं एक गोल काळपट रिंगण होतं, वाळक्या काटक्यांचं. म्हातारा उठून उभा राहिला. मेटाकुटीला आलेला माणूस मोठी थाप मारत नाही, नेमकी मारतो.

"तर ही मूठ म्या फेकली कुटं, त्ये सांगायचं ऱ्हायलंच," तो म्हणाला. "हितं चौथऱ्याजवळ न्हवं. त्या तितं. त्ये रिंगन दिसतंय का काळं? त्या जाग्याला. गेल्या श्रावनात म्या पोत्यातलं खत तितं टाकलं आन् तितं ताडाएवढा पवन्या आला. निव्वळ पवन्या. दुसरी काडी न्हाई."

"कुटं म्हन्ला?" हरणाबाईनं विचारलं.

"त्या रिंगनात."

"श्रावनात?"

"श्रावनात. खत पडलं की पवन्या जोर धरतो हरनाबाई. जेवढं जास्त खत, तेवढा जास्त पवन्या. म्हनून तर ही चाळीस पोती."

हरणाबाईनं काठी खांद्यावर टाकली आणि कुणाला काही न सांगता ती उताराला लागली. घमेलेवाला हात वर तसाच धरून बघत राहिला. तिनं रिंगणात जाऊन वाकून मूठभर काटक्या उपटल्या. टाकळ्याच्या वाळक्या काटक्या, वाकड्या शेंगा लटकलेल्या. त्या खुळखुळवत ती परत वर आली, आप्पासाहेबांच्या पायाशी टाकल्या आणि चौथऱ्याकडं वळली. तिचा आवाज डोंगरातून मेंढरांना हाका घालून तयार झालेला होता. तो खालच्या गावातल्या येसूबाईलाही ऐकू गेला.

"आवं तात्याबा, काय बोलताय ह्ये? तितं माजी वाघर व्हती. दोन सालांमागं मृग आदी फुटला, रानं चिखलली, म्हनून आठ दिस दोनशे मेंढरं त्या जाग्यात बसवली, आन् तुमी कुऱ्हाड घिऊन आला व्हता माज्या अंगावर, माळ नासवला म्हनून. तवापासनं टाकळ्याबिगर तितं काडी न्हाई उगवली. माजं म्हेंढरूबी हुंगत न्हाई त्या रिंगनाला. खतानं पवन्या येतो म्हनं. लबाड बोलताय तुमी, पार लबाड."